पहिला ठोसा मोठ्यांचा

बारकी हरली याचं घरात कुणाला फारसं वाईट वाटलं नव्हतं. बॉक्सिंगमध्ये माणूस हरतो, नाक लाल करून घरी येतो, दोन दिवस तोंड वाकडं करून मऊ भात खातो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा दोरीवरच्या उड्या मारायला लागतो. सगळ्यांना लागलं होतं ते वेगळंच. बारकी नुसती उभी राहिली होती. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांत तिने समोरच्या मुलीला मोजून चार ठोसे मारले, त्यातले दोन हवेत गेले. उरलेला वेळ ती दोन्ही हात गालांशी धरून खांबासारखी उभी होती आणि समोरची मुलगी तिला सतरंजी झटकावी तशी झोडपत होती. ती मुलगी डावखुरी होती, गेल्या दोन वर्षांची विजेती, आणि सगळे तिला डावरी म्हणत.

आता ही बारकी काही नवशिकी नव्हती. वय चोवीस, वजन पन्नास किलो, एकवीस सामन्यांपैकी एकोणीस जिंकलेले. आपल्या तोडीच्या मुलींना ती पहिल्याच मिनिटाला कोपऱ्यात रेटायची. हरली होती ती दोनदाच. गेल्या वर्षी एका नावाजलेल्या खेळाडूसमोर आणि यंदा डावरीसमोर. म्हणजे जिचं नाव ऐकून प्रेक्षक आधीच टाळ्या वाजवतात तिच्यासमोर हिचे हात गोठायचे. आणि सहा आठवड्यांनी संघनिवडीचा सामना होता, तोही पुन्हा डावरीशीच.

बारकीचा मामा हाच तिचा प्रशिक्षक. जुन्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर तो तीस वर्षं क्लब चालवत होता. सामन्यानंतर तिच्या मनगटावरच्या पट्ट्या सोडवताना त्याने वर न बघता सांगितलं, "पुन्हा थिजलीस तर मी टॉवेल टाकून सामना सोडून देणार. आणि मग कायमचे ग्लोव्हज खुंटीला. थिजलेल्या माणसाला फार मार बसतो, बारके. डोक्याला बसलेला मार निवड समिती भरून देत नाही."

"मी मुद्दाम करते का मामा?"

"मुद्दाम केलं असतंस तर एक थोबाडीत देऊन सुधारलं असतं," मामा म्हणाला. मग पट्ट्यांची गुंडाळी करत पुटपुटला, "रक्तातच आहे, तू तरी काय करणार."

मामाला वाटलं, तिला ऐकू गेलं नसेल. पण मामाला हळू बोलणं जन्मात जमलेलं नव्हतं. आणि रक्तात म्हणजे कुणाच्या, हे बारकीला विचारावं लागलं नाही.

बारकीचे बाबा एके काळी मामाचे पहिले शिष्य होते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यांचाही असाच एक मोठा सामना झाला होता, त्या काळच्या विजेत्याशी, आणि बाबा तिथे असेच उभे राहिले होते. मामाने तेव्हा भर हॉलमध्ये सगळ्यांदेखत त्यांना भित्रा म्हटलं. बाबांनी ग्लोव्हज टाकले ते टाकलेच. पुढे त्यांनी मामाच्या बहिणीशी लग्न केलं, तरी मामाला ते आजही सर म्हणत आणि मामा त्यांना भावोजी म्हणत असला तरी शिष्यासारखंच वागवी. घरात चार पाहुणे जमले की तो किस्सा निघायचाच. सगळ्यात आधी हसायचे ते बाबाच.

बाबा आणि बारकी मिळून लिफ्टची देखभाल करत. त्या आठवड्यात त्यांच्याकडे एका नऊ मजली कचेरीची लिफ्ट होती. डब्याच्या टपावर उकिडवं बसून बाबा रुळांना तेल देत होते. बारकी टॉर्च धरून होती. टपाच्या कडेला वीतभर फट होती आणि त्या फटीखाली नऊ मजल्यांचा काळोख. तिथे बसून बाबा घरच्या गच्चीवर बसल्यासारखे गुणगुणत होते.

"बाबा, तुमचं तेव्हा नक्की काय झालं होतं?"

"काय व्हायचंय? घंटा वाजली आणि मी उभा. लोकांना वाटलं, हा फोटो काढून घेतोय." ते नेहमीसारखे हसले. मग फडक्याला हात पुसत राहिले. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिले. "माझंच उतरलंय तुझ्यात. नाक आईचं आलं, काळीज माझं आलं. उलटं झालं असतं तर बरं झालं असतं."

"असलं बोलू नका."

"म्हणून तर मी तुझे सामने बघायला येत नाही. मला बघितलंस की तुला नको ते आठवायचं."

बारकीला रडू आलं आणि रडू आलं म्हणून रागही आला. जो माणूस नवव्या मजल्यावर वीतभर फटीच्या कडेला बसून गाणं गुणगुणतो त्याला भित्रा कसं म्हणायचं, हे तिला समजेना. पण मग हात का उठत नाहीत, हेही समजत नव्हतं. त्या काळोखात तिने मनाशी कबूल करून टाकलं की बहुधा मामा म्हणतो तेच खरं. आपल्यात काहीतरी कमी आहे आणि ते सरावाने भरून निघणारं नाही.

पुढच्या दोन आठवड्यांत सल्ल्यांचा पाऊस पडला. सल्ला देताना लोक हात आखडता घेत नाहीत. आई म्हणाली, पोटात दूध असलं की भीती वाटत नाही. क्लबमधल्या एकाने श्वास मोजायला सांगितलं. ओळखीच्या एका मानसतज्ज्ञाने सांगितलं की समोर मांजराचं पिल्लू आहे अशी कल्पना कर. बारकीने कल्पना केली. पण पिल्लाला ठोसा मारायचा कसा, या विचाराने ती होती त्याहून जास्त गोठली.

शेवटी रविवारी दुपारी मामा डावरीशी झालेल्या सामन्याची चित्रफीत घेऊन घरी आला. बारकीची थोरली वहिनी जाहिरातींच्या आणि शाळेच्या कार्यक्रमांच्या फिती जोडण्याचं काम करायची. नवरा जहाजावर होता आणि ती सासरीच जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला आपला संगणक मांडून बसायची. बॉक्सिंग तिला अजिबात बघवत नसे. कुणी कुणाला मारायला लागलं की ती स्वयंपाकघरात निघून जाई.

"हे जरा हळू करून दे," मामा तिला म्हणाला. "हिचे हात कुठे अडतात ते हिला दाखवायचंय."

वहिनीने नाक मुरडलं, पण काम म्हटल्यावर ती मुकाट्याने करायची. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पानं वाढली होती. मामाने पहिला घास घेतला आणि मगच बाबांनी पानाला हात लावला. ते नेहमीच तसं करत. वहिनी पडद्यावर तोच तुकडा पुन्हापुन्हा मागेपुढे करत होती.

"बारके, तुला झोप येत होती का गं?" तिने विचारलं.

"कधी?"

"इथे. डुलकी लागल्यासारखं डोकं खाली घालतेस. हे बघ. हनुवटी छातीला टेकवलीस, उभी राहिलीस, मार खाल्लास. दोघी सुटलात. परत हनुवटी, परत मार. चौदा वेळा आहे. मी खुणा केल्यात."

"हनुवटी झाकते ती," मामा घास चावत म्हणाला. "मीच शिकवलंय."

"झाकली तर झाकलेली ठेवायची ना मामा? ही लगेच वर करते. नमस्कार केल्यासारखी." वहिनीने मग बारकीच्या फोनमधून एका जिंकलेल्या सामन्याची फीत काढली. ती पूर्ण बघितली. त्यात हनुवटी एकदाही खाली गेली नव्हती. मग तिने क्लबमधल्या सरावाची फीत लावली. "आणि इथे तर सगळेच करतायत. हा मुलगा, ही मुलगी. समोरचे मात्र करत नाहीत. हे काय आहे?"

मामा पाणी प्यायला आणि त्याने जरा अभिमानानेच सांगितलं. क्लब नवा असताना एका नवशिक्याने सरावात बेभान होऊन एका मुरलेल्या खेळाडूचा जबडा मोडला होता. क्लब बंद पडायची वेळ आली. तेव्हापासून भिंतीवर लाल रंगात नियम लिहिला, पहिला ठोसा मोठ्यांचा. सरावात लहानाने हनुवटी छातीला टेकवायची, मोठ्याने आधी मारायचं, मग लहानाने सुरू करायचं. सुटून पुन्हा भिडले की पुन्हा तसंच. "त्यानंतर आजवर एक जबडा मोडला नाही," मामा म्हणाला.

"छान आहे," वहिनी म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं होतं. "पण डावरीला हा नियम माहीत आहे का?"

आईचा वाढता डाव आमटीवर तसाच राहिला.

"आणि मोठं कोण हे तिथे कोण ठरवतं?" वहिनीने विचारलं.

"मीच," बारकी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "मीच ठरवते. घंटा वाजायच्या आधीच ठरलेलं असतं."

आणि तिला ते सगळं आठवलं. डावरीचा उजवा खांदा पहिल्याच फेरीत उघडा पडला होता, तिने तो बघितला होता. छाती धडधडत नव्हती, पाय लटपटत नव्हते. खिडकीसमोर रांगेत उभं राहावं तशी ती आपला नंबर लागायची वाट बघत होती. आणि मार खाऊन झाला की आता आपण, असं वाटेपर्यंत डावरी बाजूला सरकलेली असायची आणि रांग पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

"म्हणजे मी घाबरत नाही," ती म्हणाली. मग जोरात म्हणाली, "आई, मी घाबरत नाही गं!"

तिला इतकं हलकं वाटलं की ती हसायलाच लागली. हसता हसता तिला ठसका लागला आणि वहिनीला तिच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.

मामा मात्र लालबुंद झाला होता. "म्हणजे माझी चूक? तीस वर्षं मी पोरांना थिजायला शिकवलं? काल संगणक घेऊन बसलेली मुलगी मला बॉक्सिंग शिकवणार?" तो अर्ध्या जेवणावरून उठला, चपला उलट्यासुलट्या घातल्या आणि दार आपटून गेला. वहिनीचा चेहरा पडला.

बाबा तेवढ्यात शांतपणे म्हणाले, "ते पहिलं परत दाखव गं." वहिनीने दाखवलं. त्यांनी ते तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघताना त्यांची स्वतःची हनुवटी किंचित खाली गेली, हे फक्त बारकीने पाहिलं. मग ते उठले आणि हात धुवायला गेले. ताटात भात तसाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारकी क्लबमध्ये पोचली तेव्हा भिंतीवरच्या लाल अक्षरांच्या जागी निळ्या रंगाचा ओबडधोबड चौकोन होता. तो अजून ओला होता. मामाच्या भुवईलाही निळा रंग लागला होता. रात्रभर झोप झाली नसावी. त्याने कसलंही भाषण केलं नाही.

"आजपासून लहानांनी आधी मारायचं. वाकायचं नाही, थांबायचं नाही. बारके, चल, माझ्याशी."

सत्तावन्न वर्षांचा मामा डोक्याला संरक्षक टोप बांधून रिंगमध्ये उभा राहिला. बारकी समोर गेली. आता सगळं समजलं होतं, तेव्हा सोपं असायला हवं होतं. पण समजलेलं डोक्यात होतं आणि हात अजून जुन्याच नियमाने चालत होते. एक मिनिट गेलं, दोन गेली. बाकीची मुलं दोरीच्या उड्या थांबवून बघायला लागली.

"मार."

"मारते."

"कधी? मुहूर्त बघतेस का?"

"तुम्ही हलत नाही ना मामा."

"मी हलणारच नाही. मला दुपारपर्यंत काही काम नाही."

हात वर धरून धरून तिचे दंड भरून आले. शेवटी तिने डोळे मिटले आणि मामाच्या खांद्यावर डास मारावा तसा एक ठोसा ठेवला. "सॉरी मामा."

"सॉरीचे गुण मिळत नाहीत," मामा म्हणाला. "परत."

पहिल्या आठवड्यात तिने मामाला जितके ठोसे मारले तितक्या वेळा सॉरी म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात सॉरी आधी आणि ठोसा नंतर यायला लागला आणि मामा सॉरी ऐकून बाजूला सरकायला लागला. तेव्हा कुठे तिने तो शब्द सोडला. चौथ्या आठवड्यात मामा नाकाला बर्फ लावून घरी आला. आई त्याच्यावरच ओरडली, या वयात कशाला हवेत असले खेळ म्हणून. मामा बर्फाआडून इतका खूश होता की त्याने ते बोलणं नीट ऐकलंसुद्धा नाही. वहिनीसाठी त्याने खारी बिस्किटांचा मोठा पुडा आणला आणि न बोलता तिच्या संगणकाशेजारी ठेवला. ती काय ते समजली.

सामन्याच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. दिव्यांनी रिंग पांढरी झाली होती आणि खालच्या खुर्च्यांवर निवड समिती कागद सारखे करत बसली होती. बारकी कोपऱ्यात उभी होती. तिने सहज प्रेक्षकांकडे बघितलं तर तिसऱ्या रांगेत आई, वहिनी आणि त्यांच्या शेजारी इस्त्रीचा शर्ट घातलेले बाबा. ते येणार असं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मामाने टॉवेल खांद्यावर टाकला होता आणि एका टोकाला घट्ट धरला होता.

घंटा वाजली. डावरी आली, नेहमीसारखीच सावकाश, मालकिणीसारखी. आणि बारकीची हनुवटी खाली जायला लागली. निम्मी गेलीसुद्धा. मामाने टॉवेल खांद्यावरून काढला.

तेवढ्यात बारकीचा उजवा हात गेला. तो काही फार देखणा ठोसा नव्हता. गळ्याच्या हाडाला कसाबसा लागला. पण तो पहिला होता. डावरी अर्धा पाऊल मागे सरली आणि तिच्या चेहऱ्यावर असं आश्चर्य उमटलं, जणू दारावरचं कुलूप तिच्याशी बोललं होतं. बारकीने दुसरा मारला. मग तिसरा मारला. मामाने टॉवेल खुर्चीवर फेकला आणि ओरडायला लागला. काय ओरडत होता ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पहिली फेरी बारकीची झाली. दुसरीत डावरीने आपलं विजेतेपण दाखवलं आणि बारकीला चांगलंच धुतलं. तिसरी फेरी कुणाची, यावर हॉलमध्ये अर्ध्या लोकांचं अर्ध्यांशी पटलं नाही. पाच पंचांपैकी तिघांनी डावरीच्या बाजूने कौल दिला, दोघांनी बारकीच्या. बारकी हरली. संघात डावरी गेली.

रिंगमधून उतरताना डावरीने तिचा खांदा धरला. "तू मागच्या वेळी आजारी होतीस का?" तिने विचारलं. "आज मला धाप लागली." बारकी हसली. ओठ फुटला होता, त्यामुळे हसताना दुखलं.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर अरुंद बोळ होता. आई तिथेच तिला बाकावर बसवून भुवईवर बर्फ दाबत होती. आई रडत होती आणि तोंडाने वहिनीला सांगत होती की मी मुळीच रडत नाहीये. मामा आला. तो बारकीशी काहीतरी बोलेल असं सगळ्यांना वाटलं, पण तो तिच्यासमोरून पुढे जाऊन बाबांसमोर उभा राहिला.

"भावोजी."

"बोला सर."

"मी तुम्हाला तेव्हा सगळ्यांदेखत भित्रा म्हणालो होतो."

"जुनं झालं ते," बाबा नेहमीसारखे हसायला लागले.

"हसू नका," मामा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच हळू आला. "मी चुकलो. तुम्ही घाबरला नव्हतात. मी शिकवलं तेच तुम्ही केलंत. अख्ख्या हॉलमध्ये माझं ऐकणारे तुम्ही एकटेच होतात आणि मी तुम्हालाच बोललो."

बाबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, मग ते हळूहळू गेलं. मामाने हात जोडले, तेव्हा बाबांनी ते घाईघाईने धरून खाली केले. दोघं तसेच हात धरून उभे राहिले. बोळातून कुणी बादली घेऊन चाललं होतं त्यालाही अंग चोरून जावं लागलं. आई म्हणाली, "दादा, मी काय भित्र्याशी लग्न केलं होतं असं वाटलं होतं का तुला?" आणि मग मात्र तिने उघड उघड रडून घेतलं.

घरी जाताना बारकीनेच गाडी चालवली. एक डोळा सुजला होता, पण दुसरा चांगला होता. आई आणि वहिनी मागे पेंगत होत्या. बाबा शेजारी बसले होते.

"त्याचा डावा हात खाली असायचा," ते एकदम म्हणाले.

"कुणाचा?"

"त्या विजेत्याचा. पुढे येताना दरवेळी डावा हात खाली. पहिल्याच फेरीत मी ओळखलं होतं. आणि दुसऱ्या फेरीत त्याचा पाय घसरला, तेव्हा अख्खी छाती उघडी पडली होती. एवढी मोठी जागा." त्यांनी दोन्ही हातांनी जागा दाखवली. "मला दिसलं होतं गं. मी कधी कुणाला सांगितलं नाही, कोण विश्वास ठेवणार? पण मला सगळं दिसत होतं."

"मग पुढे काय झालं?" बारकीने विचारलं.

बाबा सरसावून बसले आणि पहिल्या घंटेपासून सांगायला लागले. घराची गल्ली आली तेव्हा ते अजून पहिल्याच फेरीत होते. बारकीने गाडी वळवली नाही, सरळ पुढे नेली.